पिट्सबर्ग आणि आजूबाजूचा परिसर: नवीन येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कोणाला इथे जॉब लागला, कोणाच्या पोरीचं सीएमयूला (कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीला) झालं, कोणी न्यू जर्सीच्या भाड्याला कंटाळून इकडे यायचं म्हणतंय, की मेसेज सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. क्रम वगैरे काही नाही, जसे प्रश्न येतात तसे.

पिट्सबर्ग नक्की केवढं आहे? कोणी तीन लाख म्हणतं कोणी चोवीस लाख.

दोघंही बरोबर आहेत. शहराची म्हणजे महापालिकेची हद्द छोटी आहे, नद्या धरून ५८ चौरस मैल, आणि २०२० च्या जनगणनेत लोक जेमतेम ३ लाख ३ हजार. त्याभोवतीची ॲलेगेनी काउंटी साडेबारा लाखांची. आणि मेट्रो म्हणतात ते आणखी मोठं, ॲलेगेनी, आर्मस्ट्राँग, बीव्हर, बटलर, फायेट, वॉशिंग्टन आणि वेस्टमोरलँड अशा सात काउंट्या मिळून २३ लाख ७० हजार, आणि २०२३ मध्ये लॉरेन्स काउंटी पण त्यात टाकली, सो आता आठ. म्हणजे मेट्रोतल्या दर आठ माणसांमधला एकच माणूस खऱ्या पिट्सबर्गात राहतो, बाकीचे सगळे "आम्ही पिट्सबर्गचे" म्हणणारे.

अपार्टमेंटच्या पत्त्यात "पिट्सबर्ग, पीए" लिहिलंय. म्हणजे शहरातच ना?

नाही नाही नाही. याच एका गोष्टीवर सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा लांबण लावते.

पत्त्यातलं शहराचं नाव पोस्ट खात्याच्या सोयीचं असतं. १५२ ने सुरू होणारे झिप कोड शहराच्या हद्दीबाहेर लांबपर्यंत पसरलेत. १५२३७ हा पत्ता पिट्सबर्गचा दिसतो पण ते घर असतं रॉस किंवा मकँडलेस टाउनशिपमध्ये, नदीच्या पार उत्तरेला. १५२२० वाचून शहर वाटेल, निघेल ग्रीन ट्री.

त्यात काय एवढं? एवढंच, की एकट्या ॲलेगेनी काउंटीत १३० म्युनिसिपालिट्या आहेत. सिटी, बरो, टाउनशिप असे त्यांचे प्रकार, प्रत्येकीची आपली कौन्सिल, आपला टॅक्स, बऱ्याच जणींचे आपापले पोलीस, आपली बर्फ काढायची गाडी. हेझव्हिल नावाचं एक बरो आहे ओहायो नदीच्या काठावर, तिथे शंभर माणसंसुद्धा राहत नाहीत, तरी ते स्वतंत्र बरो! माउंट ऑलिव्हर तर चारी बाजूंनी पिट्सबर्ग शहराने वेढलेलं आहे, तुम्ही शहरातून गाडी चालवत शहरातच जाताय आणि मधे पाच मिनिटं दुसऱ्याच गावात असता, फक्त रस्त्यावरच्या पाट्या बदलतात. अशी गावं शहराने गिळली का नाहीत, तर प्रयत्न झाला होता, १९०७ मध्ये नदीपलीकडचं ॲलेगेनी सिटी हे मोठं शहर तिथल्या लोकांचा विरोध असताना पिट्सबर्गात घातलं, आजचा नॉर्थ साइड तो हाच. त्यानंतर बाकीची गावं सावध झाली ती आजपर्यंत.

वर शाळांचे जिल्हे वेगळेच, काउंटीत ४३. घर घेतलंत की काउंटी, म्युनिसिपालिटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट असे तिघांचे प्रॉपर्टी टॅक्स येतात. आणि पगारावर पेनसिल्व्हेनिया राज्याचा ३.०७ टक्के टॅक्स आहेच पण त्यावर लोकल इन्कम टॅक्स पण असतो, शहरात राहिलात तर ३ टक्के (१ शहराचा, २ शाळांचा) आणि बहुतेक उपनगरांत १ टक्क्याच्या आसपास. हा तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतो. म्हणजे रस्त्याच्या या बाजूच्या बिल्डिंगमध्ये आणि त्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये भाडं सारखं, आणि हातात पगार वेगळा. लीजवर सही करायच्या आधी ऑफिसच्या बाईला सरळ विचारा, म्युनिसिपालिटी कुठली आणि स्कूल डिस्ट्रिक्ट कुठला. ती "पिट्सबर्ग" म्हणाली तर परत विचारा.

तीन नद्यांचं शहर म्हणतात, कुठल्या तीन?

ॲलेगेनी, मोनोंगहीला आणि ओहायो. मोनोंगहीला कोणी पूर्ण म्हणत नाही, सगळे "मॉन" म्हणतात, तुम्ही पण तेच म्हणा, जिभेला सोपं. ॲलेगेनी येते ईशान्येकडून, पेनसिल्व्हेनियातच उगम पावते, मधेच न्यूयॉर्क राज्यात एक चक्कर मारून परत येते. मॉन येते दक्षिणेकडून, वेस्ट व्हर्जिनियातून, म्हणजे ती उत्तरेकडे वाहते. दोघी जिथे भेटतात तिथून पुढे नाव ओहायो, ती ९८१ मैल जाऊन मिसिसिपीला मिळते. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात तसं नाहीये हे, इथे दोघी तिरक्या येतात आणि मधे जमिनीचं एक टोकदार त्रिकोणी टोक राहतं. त्या टोकाला द पॉइंट म्हणतात आणि डाउनटाउन त्याच त्रिकोणात बसलंय. एवढुसं आहे, पायी अर्ध्या तासात या टोकापासून त्या टोकापर्यंत.

या टोकासाठीच इथे मारामाऱ्या झाल्या. १७५४ मध्ये फ्रेंचांनी फोर्ट डुकेन बांधला, १७५८ मध्ये ब्रिटिशांचा जनरल फोर्ब्स येतोय म्हटल्यावर स्वतःच जाळून निघून गेले, फोर्ब्सने ब्रिटिश मंत्री विल्यम पिटचं नाव जागेला दिलं आणि मग तिथे फोर्ट पिट उभा राहिला. कारण साधं होतं, ज्याच्याकडे हे टोक त्याच्याकडे ओहायोचा रस्ता, आणि ज्याच्याकडे ओहायो त्याच्यासाठी पश्चिम मोकळी. आता तिथे पार्क आहे आणि १५० फूट उडणारं कारंजं. मजा म्हणजे कारंज्याचं पाणी नदीचं नाही, नद्यांच्या खाली वाळू-गोट्यांच्या थरात जमिनीखाली पाणी आहे, त्यातून येतं. लोक त्याला चौथी नदी म्हणतात.

एवढे चढ-उतार कसले आहेत इथे? डोंगर आहे का?

डोंगर म्हणावा तर नाही. हे मुळात पठार आहे आणि पाण्याने ते कापून काढलंय. त्यामुळे कुठल्याही टेकडीवर चढून बघा, समोरच्या सगळ्या टेकड्यांचे माथे साधारण एका पातळीत दिसतील, ती जुन्या पठाराची उंची. हिमयुगाच्या आधी इथलं पाणी उत्तरेला लेक एरीच्या बाजूला जायचं, बर्फाने वाट अडवली आणि सगळं पाणी वळून नैर्ऋत्येला गेलं, ती आजची ओहायो. बर्फ स्वतः शहरापर्यंत आला नाही, उत्तरेलाच थांबला, म्हणून इथल्या दऱ्या घासून सपाट झाल्या नाहीत.

याचे परिणाम रोज भोगायला मिळतात. ४४६ पूल, ७०० हून जास्त सार्वजनिक जिने. आणि जिने म्हणजे नकाशावर रस्ता म्हणून नाव असलेले जिने बरं का, जीपीएस तुम्हाला आत्मविश्वासाने तिकडे वळायला सांगेल आणि समोर दीडशे पायऱ्या. बीचव्ह्यू भागात कँटन ॲव्हेन्यू आहे, ३७ टक्के चढ, देशातल्या सगळ्यात उभ्या रस्त्यांपैकी एक. हिवाळ्यात घर बघायला गेलात तर ड्राइव्हवेचा उतार नक्की बघा, फोटोत तो कळत नाही.

फोर्ट पिट टनेलबद्दल सगळे एवढे का बोलतात?

कारण एअरपोर्टहून येताना शहर दिसतच नाही. उपनगरं, झाडी, हॉटेलं, मग ट्रॅफिक, मग माउंट वॉशिंग्टनच्या पोटातला बोगदा, पिवळे दिवे, आणि बोगदा संपला की थेट पुलावर, डावीकडे स्टेडियम, समोर पूर्ण डाउनटाउन, खाली पाणी. एकदम. मी कितीदा बघितलंय तरी मान वळते. पण गाडी तुम्ही चालवत असाल तर वळवू नका, कारण पूल लहान आहे आणि तेवढ्यात दोन-तीन लेन बदलून आपला एक्झिट पकडायचा असतो, नाहीतर तुम्ही नॉर्थ साइडला पोचता आणि मग परत यायला दुसरा पूल शोधा.

बोगद्यांचं खरं महत्त्व वेगळं आहे. दक्षिणेकडून यायला लिबर्टी टनेल (१९२४), पूर्वेकडून स्क्विरल हिल टनेल (१९५३), पश्चिमेकडून फोर्ट पिट (१९६०). स्क्विरल हिलच्या तोंडाशी लोक काही कारण नसताना ब्रेक मारतात आणि मागे मैलभर रांग लागते, रोज, वर्षानुवर्षं, यावर कोणाकडे उत्तर नाहीये. म्हणून इथली माणसं शक्यतो नदी आणि बोगदा ओलांडत नाहीत. साउथ हिल्समधला माणूस नॉर्थ हिल्समध्ये जेवायला जायचं म्हटलं की असा चेहरा करतो की जणू शेजारच्या ओहायो राज्यात जायचंय. घर ऑफिसच्या बोगद्याच्या त्याच बाजूला घ्या, मैल मोजत बसू नका.

बरं मग राहायचं कुठे?

जॉब कुठे आहे ते आधी.

सीएमयू किंवा युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग असेल तर ओकलंड, शेडीसाइड, स्क्विरल हिल. हे सगळं शहराच्या ईस्ट एंडला आहे आणि या भागात गाडीशिवाय जगता येतं. ओकलंडमध्ये विद्यार्थ्यांची घरं जुनी, काही काही तर फारच जुनी, बेसमेंट बघून घ्या. स्क्विरल हिल हा जुना ज्यू वस्तीचा भाग, अजूनही आहे, २०१८ मध्ये तिथल्या सिनेगॉगमध्ये गोळीबार होऊन ११ जण गेले ते इथेच. आता मरी आणि फोर्ब्स ॲव्हेन्यूच्या चौकात चिनी, तैवानी खाणं खूप झालंय.

टेक कंपन्या बऱ्याचशा ईस्ट लिबर्टी, लॉरेन्सव्हिल आणि स्ट्रिप डिस्ट्रिक्टच्या बाजूला. ड्युओलिंगो ईस्ट लिबर्टीत, गूगल बेकरी स्क्वेअरमध्ये, जी पूर्वी खरोखरच नाबिस्कोची बिस्किटांची फॅक्टरी होती.

मुलं शाळेत जाणारी असतील तर बहुतेक मराठी कुटुंबं उपनगरात जातात. दक्षिणेला माउंट लेबनन, अप्पर सेंट क्लेअर, साउथ फायेट. उत्तरेला वेक्सफर्ड, फ्रँकलिन पार्क, आणि त्याच्याही वर बटलर काउंटीतलं क्रॅनबेरी, जिथे वेस्टिंगहाउसचं हेडक्वार्टर आहे. पश्चिमेला रॉबिन्सन, मून, एअरपोर्ट जवळ. पूर्वेला मनरोव्हिल, ही आपल्या लोकांची जुनी जागा, साठ-सत्तरच्या दशकात आलेले इंजिनिअर तिकडे राहिले म्हणून मंदिरंही तिकडेच. क्रॅनबेरी नवीन, स्वच्छ, सोयीचं आहे आणि माझ्या मते बेचव आहे, पण ज्यांना आवडतं त्यांना फार आवडतं.

बाकीच्या काउंट्यांमध्ये काय आहे?

बटलर वाढतेय, ते वर आलंच. बीव्हर काउंटीत शिपिंगपोर्टला १९५७ मध्ये देशातली पहिली पूर्ण आकाराची व्यावसायिक अणुवीज सुरू झाली आणि आता मोनाकाला शेल या तेल कंपनीचा अवाढव्य प्लास्टिक प्लांट आहे, २०२२ पासून. तो शेल गॅसवर (हा शेल म्हणजे खडकाचा प्रकार, कंपनी नव्हे) चालतो आणि तो गॅस वॉशिंग्टन काउंटीच्या बाजूला जमिनीखालून काढतात, तिकडे शेतातून जाताना मधेच ड्रिलिंगचे टॉवर दिसतात. वेस्टमोरलँड म्हणजे ग्रीन्सबर्ग, लट्रोब, आणि बरीच शांतता. फायेट ही गरीब काउंटी, एकेकाळी कोळशापासून कोक करायच्या भट्ट्यांच्या रांगाच रांगा, आता लोक जातात ते ओहायोपाइलला यॉक नदीत राफ्टिंगला आणि फॉलिंगवॉटर बघायला, ते धबधब्यावर बांधलेलं फ्रँक लॉइड राइटचं घर. पाहुणे आले की आमची सगळ्यांची हीच ट्रिप ठरलेली. आर्मस्ट्राँग आणि लॉरेन्सला जायची वेळ फारशी येत नाही.

लोक कसे आहेत, म्हणजे कोण कोण राहतं?

मेट्रो प्रामुख्याने गोरी आहे, ८० टक्क्यांच्या वर, हे आधीच माहीत असलेलं बरं कारण न्यू जर्सी किंवा बे एरियातून येणाऱ्यांना ते जाणवतं. पण हे गोरे एकसारखे नाहीत, जर्मन, आयरिश आधीचे, मग स्टील मिल्समध्ये कामाला आलेले इटालियन, पोलिश, स्लोव्हाक, क्रोएशियन, रुसिन. प्रत्येकाने आपापल्या टेकडीवर आपापलं चर्च बांधलं, अजूनही कांद्यासारखे घुमट दिसतात. पोलिश हिल नावाचा भागच आहे. चर्चच्या बेसमेंटमध्ये आज्या पिरोगी करून विकतात, बटाट्याचं सारण भरलेली, व्हेज आहे, खाऊन बघा.

शहरात साधारण पाचात एक जण काळा आहे. त्यांच्या वस्तीचं हृदय म्हणजे हिल डिस्ट्रिक्ट, जॅझ क्लब, दुकानं, नाटककार ऑगस्ट विल्सन तिथलाच. १९५० च्या दशकात लोअर हिल सरळ पाडलं, सुमारे ८००० लोक हलवले, आणि त्या जागी गोल छपराचा अरीना बांधला. तो अरीना पण आता पाडलाय. जागेवर कितीतरी वर्षं नुसते पार्किंग लॉट होते. याबद्दल इथल्या लोकांच्या मनात राग आहे आणि तो योग्यच आहे.

मेट्रो म्हातारी पण आहे, इथे जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात, बरीच वर्षं. कारण ऐंशीच्या दशकात मिल्स बंद पडल्या तेव्हा तरुण बाहेर गेले आणि परत आले नाहीत. शहराची लोकसंख्या १९५० ला पावणेसात लाख होती, आता त्याच्या निम्मी पण नाही. नवीन येणाऱ्यांमध्ये विद्यार्थी, आपले आयटीवाले, आणि दक्षिणेला कॅरिक, ब्रेंटवुड, व्हाइटहॉल भागात भूतानी-नेपाळी निर्वासित कुटुंबं. त्यांच्या दुकानांत आपल्या भाज्या आणि मसाले मिळतात.

स्टील मिल अजून आहेत का? हवा कशी आहे?

आहेत, पण शहरात नाहीत, मॉन नदीच्या काठाने वर. ब्रॅडॉकचा एडगर थॉमसन कारखाना स्टीलवाल्या अँड्र्यू कार्नेगीने १८७५ मध्ये सुरू केला तो अजून चालू आहे. क्लेअरटनला कोक प्लांट आहे, ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे स्फोट झाला होता. दोन्ही यूएस स्टीलचे, आणि ती कंपनी आता जपानच्या निप्पॉन स्टीलची. होमस्टेडची मिल, जिथे १८९२ चा प्रसिद्ध संप झाला आणि माणसं मेली, ती १९८६ ला बंद झाली, आता तिथे मॉल आहे, पार्किंगच्या कडेला विटांची धुराडी एका रांगेत तशीच उभी ठेवलीत. आणि सगळ्यात मोठी नोकरी देणारी आता यूपीएमसी, म्हणजे हॉस्पिटलं. त्यांचं नाव कुठे आहे? यूएस स्टील टॉवरच्या डोक्यावर.

हवेचं: एरवी ठीक, पण काही सकाळी थंड हवा दरीत अडकते आणि मॉन व्हॅलीचा धूर वर जाऊ शकत नाही, तेव्हा सडक्या अंड्यांचा वास येतो. तुमचा गॅस लीक नाहीये (तरी एकदा तपासा). सीएमयूवाल्यांनी यासाठी स्मेल पीजीएच म्हणून ॲप काढलंय, वास आला की लोक नोंदवतात. घरात कोणाला दमा असेल तर ब्रॅडॉक-क्लेअरटनच्या आजूबाजूला घर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

गाडीशिवाय चालेल का?

ईस्ट एंडमध्ये हो, बाकी नाही. टी नावाची छोटी रेल्वे आहे पण ती डाउनटाउनमधून फक्त साउथ हिल्सकडे जाते, आणि नदीखालून नॉर्थ शोअरपर्यंत, तेवढा टप्पा फुकट. ओकलंडला टी जात नाही. एअरपोर्टला पण नाही. एअरपोर्टसाठी २८एक्स बस. बसवे मात्र चांगले आहेत, फक्त बससाठीचे रस्ते, ईस्ट बसवे १९८३ पासून, डाउनटाउन ते शेडीसाइड गाडीपेक्षा आधी पोचता.

आणि एक, सिग्नल हिरवा झाला की समोरचा डावीकडे वळणारा पहिला जातो, याला पिट्सबर्ग लेफ्ट म्हणतात. कायदा नाहीये, पण पहिल्या दिवशी हॉर्न वाजवू नका. रस्त्यावर कोणी खुर्ची ठेवलेली दिसली तर ती पार्किंगची जागा त्याची. खुर्ची हलवायची नाही.

पूर येतो का? दरडी?

१९३६ च्या मार्चमध्ये पाणी ४६ फुटांवर गेलं होतं, डाउनटाउन बुडालं. त्यानंतर वरच्या बाजूला धरणं बांधली, त्यातलं किंझुआ धरण १९६५ चं, सेनेका या मूळनिवासी लोकांची जमीन पाण्याखाली घालून. आता शहर बुडत नाही, पण मॉनच्या काठचं मॉन वॉर्फ पार्किंग आणि पार्कवे या हायवेचा एक खोलगट तुकडा, ज्याला सगळे बाथटब म्हणतात, तो दोन दिवस जोरदार पाऊस झाला की बंद.

दरडींचा त्रास जास्त, माती ओली झाली की उतार घसरतात आणि साध्या घराच्या विम्यात ते बसत नाही. शिवाय निम्म्या परिसराखाली जुन्या कोळशाच्या खाणी पोकळ पडल्यात, त्याचा विमा राज्य सरकारच विकतं, स्वस्त असतो, घर घेताना घेऊन टाका.

हवामान?

ढगाळ. बर्फ वर्षाला साधारण ४० इंच, पण एकदम नाही, थोडं थोडं. नोव्हेंबर ते मार्च सूर्य दिसला की लोक एकमेकांना सांगतात. व्हिटॅमिन डी घ्या.

मंदिर, आपला किराणा?

पेन हिल्सला श्री वेंकटेश्वर मंदिर, सत्तरच्या दशकातलं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या देवळांपैकी, दक्षिणी पद्धतीचं, टेकडीवर. लांबलांबून गाड्या भरून लोक येतात. कँटीनमधला दहीभात आणि पुळिहोरा (चिंचेचा भात) मिळाला तर सोडू नका. मनरोव्हिलला हिंदू जैन मंदिर, तिथे उत्तर भारतीय, गुजराती, आपले सगळे. किराणा मनरोव्हिल, ग्रीन ट्री बाजू, क्रॅनबेरी सगळीकडे मिळतो, कोथिंबीर-कढीपत्त्याची चिंता नाही. पिट युनिव्हर्सिटीच्या ४२ मजली कॅथेड्रल ऑफ लर्निंगमध्ये वेगवेगळ्या देशांच्या वर्गखोल्या आहेत, त्यातली भारताची नालंदाच्या धर्तीवर विटांची केलीय, ती बघाच.

नवऱ्याचा जॉब क्रॅनबेरीला आणि आम्हाला मनरोव्हिलला मंदिराजवळ राहायचंय, जमेल?

जमेल, पण डाउनटाउनमधून जाऊ नका. टर्नपाइक हा हायवे घ्या, मनरोव्हिलचा एक्झिट ५७ आणि क्रॅनबेरीचा २८, एक्झिटचे नंबर मैलांप्रमाणे असतात, म्हणजे सरळ २९ मैल, एकही बोगदा लागत नाही. टोल आहे. पैसे घ्यायला कोणी बसत नाही, कॅमेरा नंबर प्लेटचा फोटो काढतो आणि बिल घरी येतं, ते गाडीत लावायच्या ईझी पासपेक्षा बरंच महाग पडतं, तेव्हा पहिल्या आठवड्यातच पास घ्या.